खारदुंग ला ओलांडून वाळूच्या गावाला

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजस्थान येते. शाळेत भूगोल शिकवताना मीही जैसलमेरचेच नाव घेते. पण मैत्रिणींनो, बर्फाचा घाट चढून वाळूत उतरायचे असेल, तर लेहहून नुब्रा खोऱ्यातल्या हुंडरला जायला हवे. वाट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण निम्मा दिवस तरी मोडतो.

तुम्ही म्हणाल, एवढे काय त्यात? त्यात खारदुंग ला आहे! 'ला' म्हणजे खिंड. उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्याही वर. तिथे हवेचा दाब आपल्या मुंबईच्या जवळजवळ निम्माच.

ह्यांची रजा मोजकी. विमानातून उतरल्या उतरल्या ह्यांनी "उद्याच नुब्रा!" असा धोशा लावला. पण लेहच मुळी साडेअकरा हजार फुटांवर. मी सरळ सांगितले, दोन दिवस इथून हलायचे नाही. पाणी पीत, गरम सूप घेत पडून राहिलो. "दोन दिवस फुकट!" असा ह्यांचा चेहरा.

तिसऱ्या दिवशी निघालो. साउथ पुल्लूची चौकी मागे पडली आणि डांबर जागोजागी उखडलेले दिसू लागले. वितळत्या बर्फाचे ओहोळ रस्त्यावरूनच वाहत होते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नुसती खोली. मी खाली बघायचे सोडून दिले! माथ्यावर पोचलो, तर पिशवीतला फरसाणाचा पुडा फुग्यासारखा टम्म. बाळ्याला त्याचेच जास्त कौतुक.

तिथेच एक नवे जोडपे भेटले. आदल्याच दिवशी लेहला उतरलेले. मुलीचे डोके ठणकत होते, उलट्या थांबेनात. आमच्या ड्रायव्हरने त्यांच्या ड्रायव्हरला एवढेच सांगितले, "फोटो नको, खाली ने." उंचीच्या त्रासाला खाली उतरणे हाच खरा इलाज. ह्यांनी माझ्याकडे पाहिले, बोलले काही नाहीत. आम्हीही दहा मिनिटांत निघालो.

नॉर्थ पुल्लूनंतर श्योक नदीचे रुंद पात्र दिसते. तिच्या पात्रातली बारीक वाळू वाऱ्याने उडून साचते, त्याच ह्या हुंडरच्या टेकड्या. मागे बर्फाची शिखरे, मधून झुळझुळता ओढा, काठाला काटेरी झुडपे आणि वाळूत दोन मदारींचे उंट! यारकंदच्या व्यापारी तांड्यांबरोबर ते इथे आले. विसाव्या शतकाच्या मध्यास तो व्यापार थांबला, उंट मात्र राहिले. दोन मदारींच्या मधे बसायला छान खोबण मिळते, पडायची भीती नाही.

संध्याकाळी वारा सुटतो, तेव्हा तोंडाला ओढणी हवीच. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा. आणि हुंडरला एक रात्र राहाच. इथली उंची लेहपेक्षा कमी, झोप शांत लागते. सकाळी पुन्हा तोच घाट चढायचा असतो.