तीन बोटांची तपासणी

डहाणूजवळच्या कोसबाड-तलासरीच्या पट्ट्यात तोंडाची तपासणी तंबाखू, मिश्री आणि सुपारीच्या चौकशीपासून सुरू व्हावी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असली, तरी साधी सुपारी खुलीच आहे. रुग्ण येतो तो दाढ ठणकते म्हणून. कीड मज्जेपर्यंत गेली असेल तर रूट कॅनॉल किंवा दाढ काढणे. खरी पारख पुढे आहे. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावत नसतील, तिखट झोंबत असेल, गाल आतून पांढुरके नि ताठर लागत असतील, तर सुपारीमुळे आलेली तोंडाच्या अस्तराची तंतुमयता (सबम्यूकस फायब्रोसिस) समजावी. सुपारी सोडणे, जबड्याचे व्यायाम, गालात स्टेरॉइडची इंजेक्शने यांनी ती काही प्रमाणात थोपवता येते. गेलेली लवचीकता पूर्ण परतत नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण मात्र मलमावर ठेवू नये, त्याची बायोप्सी करावी. मजुरी बुडवून डहाणूला आलेला माणूस पुन्हा येईलच असे नाही. शक्य तर नमुना त्याच भेटीत घ्यावा.