पेनाचा आवाज

इन्सुलिनच्या पेनाला आवाज असतो, हे ते वापरणाऱ्यालाच ठाऊक. टोकाची चकती फिरवली की एकेका युनिटला एकेक टक्. दिवे गेले, चष्मा सापडला नाही, तरी बोटं आणि कान मिळून बारा मोजतात. 1985 साली डेन्मार्कच्या नोव्होने पहिलं पेन आणलं. ते खिशाला लावलं तर लोकांना शाईचंच वाटावं, आणि मला वाटतं त्याचं निम्मं यश त्यातच होतं.

आमच्या अण्णांच्या वेळी हे नव्हतं. स्टीलची चपटी डबी, तिच्यात काचेची सिरिंज आणि सुई. सकाळी चहाच्या आधी ती पातेल्यात उकळायची. स्वयंपाकघरात वाफ आणि स्पिरिट यांचा मिळून एक वास भरायचा. तो आला की आम्ही मुलं आवाज खाली आणायचो. अण्णा बाटली दोन्ही तळव्यांत हलकेच फिरवायचे, गढूळ औषध एकसारखं होईपर्यंत. घाई नाही. सिरिंज उजेडाकडे धरून बुडबुडा टिचकीने वर आणायचे. सुई बोथट झालेली असली तर फक्त एक भुवई वर जायची.

त्यांना कुणी विचारलं नाही, की तुम्ही समाधानी आहात का. आता तशी प्रश्नावली आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ क्लेअर ब्रॅडली यांची, आठ प्रश्नांची, प्रत्येकाला 0 ते 6 गुण. उपचार सोयीचे वाटतात का, वेळापत्रकात मोकळीक देतात का, तुमच्यासारख्या दुसऱ्याला सुचवाल का. अण्णांपुढे तो कागद ठेवला असता तर म्हणाले असते, ‘सुचवायला हे काय लाडू आहेत?’ आणि तरी सहापैकी पाच दिले असते. तक्रार करणं त्यांच्या पिढीला आजारापेक्षा जड जायचं.

सुई गेली की माणूस खूश होईल, असा एक सरळ हिशेब असतो. तो चुकतो. 2006 मध्ये फायझरने नाकातोंडातून नव्हे, फक्त तोंडातून ओढून घ्यायचं कोरडं इन्सुलिन आणलं. एक्झुबेरा. टोचणं नाही, रक्त नाही. पण उपकरण बोजड, चारचौघांत काढायला संकोच वाटावा असं. किंमतही जास्त. पुढच्याच वर्षी कंपनीने ते बाजारातून काढून घेतलं. टोच सोसायला लोक तयार होते. सगळ्यांच्या नजरेत भरायला नव्हते.

लग्नाच्या हॉलमध्ये हे मला पक्कं कळतं. अण्णांना वऱ्हाडाची एखादी खोली शोधावी लागायची, कडी लावावी लागायची, मग बाहेरून कुणीतरी विचारायचं, ‘बरं वाटत नाही का?’ मी पंगतीत बसल्या बसल्या पदराआड चार मिलीमीटरची सुई पोटाला लावते, बटण दाबते आणि मनात दहा आकडे मोजते. आकडे संपेपर्यंत सुई काढायची नाही, नाहीतर थेंब बाहेर येतो. शेजारची बाई मठ्ठा वाढून घेत असते. एवढंच. (याच सोयीपायी आपण रोज एकाच जागी टोचतो. तिथे चरबीची गाठ धरते, दुखेनासं होतं, म्हणून पुन्हा तिथेच. आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी भरभर शोषलं जातं, कधी अगदी सावकाश.)

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी अजून बाटली आणि लाल टोपीची सिरिंजच वापरतात. बाटली मातीच्या गार माठात, पाणी लागू नये म्हणून डबीत घालून. पेन दाखवलं तर म्हणाल्या, ‘ताई, यात काय चाललंय ते दिसतच नाही. माझ्यात औषध डोळ्याला दिसतं.’ बाटली स्वस्त पडते हे त्यांनी नंतर सांगितलं, आणि मला वाटतं खरी कारणं दोन्ही होती. त्या आठ प्रश्नांत किमतीचा एकही प्रश्न नाही. आपल्याकडे तो पहिला हवा.

मावशींची सिरिंज काही कमअस्सल नाही. नीट मोजून घेतलं तर साखर तिनेही तितकीच आवरते. फक्त घरात दोन्ही असतील तर एवढं सांभाळा: पेनाच्या काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने कधीही काढू नका. मावशींच्या बाटलीत मिलीलिटरला 40 युनिट असतात, काडतुसात 100. खुणा त्याच दिसतात आणि अंगात अडीचपट औषध जातं.