पाऊण तोळ्याचे पाखरू

खारी जमीन आपल्या लोकांना नवी नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात ज्यांचे वाडवडील राहिले, त्यांना बांध, उघाडी आणि खाजण हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. पण तिकडे आपण खाजणाकडे पाहिले ते भातशेती किंवा मिठागर करण्याजोगी जागा म्हणून. ते आहे तसेच राहिले तर कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्न आम्हा काही कुटुंबांना पडला तो एलातला आल्यावर.

एलातच्या उत्तरेला, वाळवंट आणि समुद्र यांच्या मध्ये, पूर्वी मोठी खारी दलदल होती. शहर वाढले, हॉटेले आली, शेते, खजुराच्या बागा व मिठागरे झाली, आणि दलदलीच्या थोड्याच पट्ट्या उरल्या. एका भागात तर शहराचा कचरा टाकला जाई. 1993 पासून डॉ. रूवेन योसेफ यांच्या पुढाकाराने त्याच उकिरड्यावर माती पसरून खाऱ्या पाण्यात तगणारी झुडपे लावण्यात आली, तळी केली गेली. आज तिथे पक्ष्यांचे उद्यान आहे.

हे पक्ष्यांसाठीच का? इस्राएलवरून वर्षातून दोनदा सुमारे 50 कोटी पक्षी ये-जा करतात. वसंतात आफ्रिकेतून निघालेले पाखरू दीड हजार किलोमीटरहून रुंद असे सहारा वाळवंट ओलांडून येते. वाळवंट संपता संपता त्याला दिसणारी पहिली हिरवळ एलातची. शरदात हाच प्रवास उलट, आणि तेव्हा पुढच्या उपासाची शिदोरी इथेच बांधून घ्यायची असते.

अनाशी धाकाच्या सणाच्या सुमारास तिथे मदतनिसांची गरज फार. उजाडण्यापूर्वी बारीक जाळी लावतात. थोड्या थोड्या वेळाने फेरी मारून अडकलेले पाखरू अलगद सोडवतात आणि कापडी पिशवीत ठेवून आणतात. पायात क्रमांकाचे कडे घालणे हे परवाना असलेल्या माणसाचे काम. आम्ही पिशव्या आणतो आणि आकडे लिहितो. जात, पंखाची लांबी, वजन. मग पोटावरची पिसे फुंकरीने बाजूला सारून कातडीखाली पिवळी चरबी किती आहे ते पाहतात. काही वटवटे आठ-नऊ ग्रॅमचे, म्हणजे जेमतेम पाऊण तोळ्याचे. लगेच सोडून देतात. शाब्बाथला लिहिणे नाही आणि वजन करणेही नाही, म्हणून आमची मंडळी त्या दिवशी घरीच असतात.

एकदा रेवदंड्याकडच्या एक मावशी आमच्याबरोबर आल्या. एका झुडपाचे मांसल पान त्यांनी बोटांत चुरडले आणि म्हणाल्या, "अगो, ही तर आपल्या मोरसाची बहीण!" कोकणात खाडीकाठची मोरस भाजी करतात, मीठ बेताने घालून. हे झुडूप तिच्याच गोतातले निघाले. त्या दिवशी जाळ्यात शंकर पक्षीही आला, निळ्या गळ्याचा. हिवाळ्यात तो महाराष्ट्रातही जातो हे ऐकून मावशींनी त्याला डोळे भरून पाहिले.

आता या आकड्यांचे काय होते ते सांगतो. कडे घातलेले पाखरू चार दिवसांनी पुन्हा सापडले तर त्याचे वजन पुन्हा घेतात. वाढले असेल तर इथे त्याला खायला मिळाले. वाढले नसेल तर आपली हिरवळ नुसती दिसायला आहे. नैसर्गिक दलदल पिढ्यान् पिढ्या घडते; माणसाने केलेली तशी झाली की नाही, हे माणसाने ठरवायचे नाही, पाखराच्या वजनाने ठरायचे. म्हणून एखादे वर्ष चुकले की मागचे आणि पुढचे आकडे जोडता येत नाहीत.

काळजी आहे ती इथेच. आमच्यातल्या काहींचे डोळे आता अधू झाले, काहींना जाळ्यांपर्यंत चालवत नाही. नातवंडे येतात, फोटो काढतात आणि नऊ वाजता झोप येते म्हणून परततात. त्यांना आम्ही रागावत नाही. फक्त एवढे सांगतो की पक्षिणीला सोडून देण्याची आज्ञा तोरात आहे आणि ती पाळायला मोठे धन लागत नाही. यिर्मया नबीने माणसांना करकोच्याचा दाखला दिला तो त्याला आपल्या येण्याची वेळ कळते म्हणून.

वाचकहो, बेर-शेवा, दिमोना, अश्दोदहून एलातला सुटीसाठी जाणारी आपली कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यातली एक सकाळ इकडे द्यावी. इब्री सफाईदार नसली तरी चालते, अक्षर मात्र वाचता येईल असे हवे. पिशवी हातात घेतली की आत काहीतरी धडधडते. पुढचे मग कोणाला समजावून सांगावे लागत नाही.