तोंडात मावेल ते

हौशी मत्स्यपालकांच्या बोलण्यात 'मिश्र टाकी' हा शब्द नेहमी येतो. निरनिराळ्या खंडांतले, एकमेकांच्या वाटेला न जाणारे मासे एकाच काचेत गुण्यागोविंदाने नांदतात, अशी ती कल्पना. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला एंजल आणि आग्नेय आशियातला गुरामी यांचे शेजार तिथे कोणाला खटकत नाही. अशा टाकीत शिकारी मासा सोडणे मात्र या मंडळींच्या नीतिशास्त्रात मोठे पाप मानले जाते. माझ्या शहापूरच्या घरातल्या तीन फुटी टाकीत गेली चार वर्षे असा एक शिकारी आहे. विशेष म्हणजे, त्या टाकीत या मातीतला असा तो एकटाच आहे.

तो मरळच्या कुळातला, पण वीतभरच वाढणारा मासा. शहापूर-मुरबाडच्या ओढ्यांत आणि भातखाचरांत तो सर्वत्र सापडतो, आणि दर दहा कोसांवर त्याचे नाव बदलते. जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख याने 1793 मध्ये मरळ कुळाला 'सापाच्या डोक्याचा' अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टराने 1822 मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या आपल्या ग्रंथात या धाकट्या जातीचे वर्णन केले आणि तिला बंगालीतले 'गाचुआ' हेच नाव ठेवले. मासा एकच, युरोपीय विद्वानाला त्यात साप दिसला आणि बंगाल्यातल्या कोळ्याला रोजचा मासा दिसला. दोन्ही नावे शास्त्राने कागदावर शेजारी शेजारी नांदवली.

माझ्याकडे तो आला मुरबाड तालुक्यातून. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मे महिन्यात काळू नदीच्या आटत चाललेल्या एका डोहातून मासळी काढली होती. बाकीच्यांचे कालवण झाले. हा एवढा पत्र्याच्या डब्यातून माझ्या घरी पोहोचला.

त्याला मिश्र टाकीत ठेवण्याचा नियम एका ओळीत सांगता येतो : तोंडात मावेल ते अन्न, न मावेल तो शेजारी. म्हणून त्याच्या सोबतीला तळहाताएवढे गुरामी आहेत आणि गप्पी एकही नाही. पाणी काठोकाठ भरायचे नाही, कारण त्याला श्वासासाठी वर यावे लागते. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत तो थेट हवा घेतो. झाकण घट्ट हवे, कारण त्याची उडी मोठी. दिवसभर तो एका फुटक्या मडक्यात पडून असतो. गांडूळ टाकले की मडक्याच्या तोंडाशी क्षणभर निळसर-नारिंगी कडांचे पंख थरथरतात, आणि गांडूळ नाहीसे होते. नाट्य असे काहीच घडत नाही.

गांडुळाचा तुकडा गुरामीही तितक्याच आवडीने खातो; त्याला कोणी शिकारी म्हणत नाही. 'शिकारी' या शब्दातून खाणाऱ्याच्या स्वभावापेक्षा आपली सहानुभूती कोणाकडे आहे हेच अधिक कळते. कथेतला खलनायक कोण, हे निवेदक कुठे उभा आहे यावर ठरते, असे आपण वर्गात शिकवतो. ते इथे काचेपलीकडे दिसते. कारण याच माशाचा दुसरा अध्यायही आहे. या जातीत मादीने घातलेली अंडी नर तोंडात घेतो, पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत तोंडातच सांभाळतो आणि त्या काळात जवळजवळ उपाशी राहतो. ज्या जबड्यापुढे गप्पीची धडगत नाही, तोच जबडा त्याच्या वंशाचा पाळणा आहे.

घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांचे दोन तट पडतात. मुंबईकडून आलेल्यांना तो दुर्मीळ वाटतो. असले मासे तिथे हौशी लोक पैसे मोजून घेतात, हे ते सांगतात. पाड्यांवरून आलेली मुले आधी हसतात. "सर, हे तर आमच्या खाचरातलं. ह्यात शोभेचं काय?" एकदा एका मुलीने विचारले, "सर, ह्याचं पाणी कधी बदलता?" मी म्हणालो, "दर रविवारी, दोन बादल्या." ती म्हणाली, "आमच्याकडे टँकर मंगळवारी येतो." तिच्या स्वरात तक्रार नव्हती, तिने फक्त वार सांगितला.

हा वार या तालुक्यातच कळतो. 1892 मध्ये पूर्ण झालेला तानसा तलाव शहापूर तालुक्यात, भातसा धरणही इथलेच. त्यांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते, आणि धरणांच्या आसपासचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. कोणत्या तोंडात काय मावते, हा प्रश्न मग माशापुरता उरत नाही. तो मासा मात्र गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो. डबके आटले तर ओल्या मातीवरून सरपटत पुढचे गाठतो. दोन बादल्यांची चैन त्याची नाही, काचेची आहे.

मग त्याला काळूत परत का सोडत नाही, असे पुष्कळजण विचारतात. दूरदूरच्या माशांबरोबर एका पाण्यात राहिलेला मासा नदीत सोडू नये. टाकीतले रोग त्याच्याबरोबर नदीत उतरू शकतात. सोडण्याची दुसरी कथा 2002 सालची आहे. अमेरिकेत मेरिलंडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात कोणीतरी घरी पाळलेले चीनकडचे मरळ सोडले. त्यांची पिल्ले सापडली तेव्हा सरकारने विष घालून तळ्यातले मासे मारले. आपल्या पाण्यात जो रहिवासी, तो दुसऱ्याच्या पाण्यात आक्रमक ठरतो. माझ्या माशाची गोष्ट याहून अवघड आहे : तो आपल्याच पाण्याला परका झाला आहे. मिश्र समाजात राहण्याची ही किंमत एकट्या स्थानिकानेच मोजलेली आहे.

जूनच्या पहिल्या जोरदार पावसात ओढे फुगतात आणि मासे प्रवाहाविरुद्ध खाचरांकडे चढू लागतात. आपल्याकडे त्याला वलगण म्हणतात. त्या रात्री पाड्यांवरची माणसे बत्त्या घेऊन बांधांवर उतरतात. खिडकीबाहेर तो पाऊस सुरू झाला की मडक्यातला मासा बाहेर येतो. गुरामी कोपऱ्यात स्तब्ध असतात. थोड्या थोड्या वेळाने झाकणावर एक धडक ऐकू येते. सकाळी मी झाकणावरचे दगड नीट आहेत ना, ते पाहतो.