रांधायला आम्ही चालतो, बिल आमच्या नावाचं चालत नाही

जातीवर बोलताना आपण पाणवठ्यावर बोलतो, मंदिरावर बोलतो, लग्नावर बोलतो. धंद्यात जात कशी चालते हे बघायचं असेल तर दीडशे पानांची एक ऑर्डर घेऊन बघा. मी चार वर्षांपासून नागपुरात आमच्या वस्तीतल्या सात बायांच्या केटरिंगचा हिशेब बघते. त्या रांधतात, मी गिऱ्हाइकाशी बोलते, बयाणा घेते, बिल फाडते. समाजशास्त्रात एम.ए. करताना जात वाचली होती. बिलबुकात ती रोज भेटते.

'आपल्या बायांना जमत नाही' असं निदान नागपुरात तरी कुणी म्हणू नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर ठिकठिकाणी भोजनदान चालतं. ते रांधणारे हात कुणाचे असतात? दीडशे माणसांना तांदूळ पंधरा किलो, सोबत पुऱ्या असतील तर बारा; वडाभाताच्या वड्यांची डाळ रात्रीच भिजवायची; पाटवडीचा रस्सा पातळ वाटला तरी थांबायचं, तो आपोआप आळतो. आमच्यातल्या थोरल्या मावशीला हे कागदाशिवाय येतं. अन्नपरवान्याची नोंदणीही केली, तेव्हा फी वर्षाला १०० रुपये होती. गंज, कढया, भट्टी बिछायतवाल्याकडून भाड्याने येतात. कसब आहे, कागद आहे. अडतं ते पुढे.

मागच्या वर्षी एका वास्तुशांतीची ऑर्डर ठरली. १२० पानं. घरी येऊन चव बघून गेले, पाटवडी दोनदा मागून घेतली. बयाण्याच्या पावतीवर माझं आडनाव वाचलं आणि दुसऱ्या दिवशी फोन आला : 'ताई, घरच्यांनी दुसरीकडे ठरवलं हो.' बयाणाही परत मागितला नाही. त्याच आठवड्यात ज्या ठेकेदाराला ते काम गेलं, त्याने आमच्यातल्या तिघींना रोजीवर बोलावलं, पुऱ्या लाटायला आणि भांडी घासायला. म्हणजे त्या घरात पुऱ्या आमच्याच हातच्या गेल्या. फक्त त्यांचा नफा दुसऱ्याच्या गल्ल्यात पडला.

हा एका घरचा विटाळ म्हणून सोडता येत नाही. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित अधिकारी बाईंनी स्वयंपाकीणीने जात लपवली म्हणून पोलिसात तक्रार दिली होती. ती स्वयंपाकीण दलितही नव्हती. तरी सोवळं मोडलं!

काही कार्यकर्ते मला ऐकवतात, की सहभोजनाने जात जात नाही हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त सांगितलं आहे. सांगितलंच आहे. पण मी जात घालवायला केटरिंग करत नाही, सात घरांत पैसा यावा म्हणून करते. त्यासाठी मला बाबासाहेबांच्या बरोबरीने शाहू महाराज आठवतात.

गंगाराम कांबळेंची गोष्ट आपण जयंतीच्या भाषणांत सांगतो. कोल्हापुरात त्यांनी चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्यायले, सोबतच्यांनाही पाजला. भाषणात आपण इथे टाळ्या घेतो आणि थांबतो. मला त्यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. भांडवलाच्या मदतीवर महाराज थांबले नाहीत, ते गिऱ्हाईक झाले. आज बचत गटाला कर्ज मिळतं, प्रशिक्षण मिळतं, प्रमाणपत्र देतानाचा फोटोही मिळतो. गिऱ्हाईक कोण देतं?

सवर्ण देत नाहीत, हे झालं. आता आपल्या घरात या. नव्या लेआउटमधले आपले इंजिनिअर, प्राध्यापक, साहेब लोक. मंगल परिणय बौद्ध पद्धतीने, स्टेजवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि जेवणाला राजस्थानी 'महाराज'. का? 'पाहुणे सगळ्या समाजाचे असतात ना ताई.' म्हणजे पाहुण्यांचा विटाळ आपणच आधी पाळायचा. आणि चुकून ऑर्डर आम्हाला दिलीच, तर पानामागे वीस-तीस रुपये कमी करायला लावतात, कारण 'आपलेच आहात'. महाराजाला पूर्ण पैसे त्याच रात्री मिळतात. आम्ही महिनाभर फोन करतो. दान वेगळं, धंदा वेगळा. भोजनदानाला आमच्या बाया फुकट राबतात आणि राबतील, पण तुमच्या मुलीचं रिसेप्शन म्हणजे भोजनदान नव्हे.

मध्यंतरी एकीने सुचवलं, आडनाव काढून एखादं देवीचं नाव लावू, ऑर्डरी वाढतील. दोन संध्याकाळी वाद झाला. वाढल्याही असत्या, हे मला नाकारता येत नाही. पोरांची फी भरायची असलेल्या बाईला मी स्वाभिमानाचं व्याख्यान देणार नाही. मावशी म्हणाली, 'नाव बदलून कमावलं, तं पुण्यासारखं पोलिसात बी आपल्यालेच नेतील.' पावतीवर आडनाव तसंच आहे.

लग्नाचा हंगाम तोंडावर आला आहे. शंभर पानांच्या वर कुठलीही ऑर्डर घेतो. चव आधी बघा. निम्मा बयाणा आधी, उरलेले पैसे त्याच रात्री, भांडी गाडीत चढायच्या आत.