कोरड्या मुलखातलं जिरं

देवबागात जिरं पिकत नाही. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. इथल्या वाळूत माड आनंदाने वाढतो. मालवण तालुक्यात जरा आत गेलं की कोकम, मिरवेल, तिरफळ सगळं भेटतं. जिऱ्याला मात्र कोरडी थंडी लागते. ते गुजरात-राजस्थानचं रब्बी पीक, नोव्हेंबरच्या सुमारास पेरायचं आणि फेब्रुवारी-मार्चात काढायचं. फुलोऱ्यात ढग दाटले, चार सरी आल्या, की करपा आणि भुरी अख्खं शेत घेऊन जातात. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. जिऱ्याचा आणि आमच्या मातीचा संबंध कायम दुकानातल्या पुडीपुरताच राहिला.

आमच्या जेवणात मोठा मान मासळीचा, आणि मासळीला जिऱ्याची फारशी गरज नसते. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ हवं, आमटीला ओलं खोबरं, धणे, मिरची, कोकम. जिरं असतं ते मालवणी मसाल्यात मिसळून गेलेलं, नाहीतर वड्यांच्या पिठात धण्या-मेथीबरोबर दळलेलं. मासळी ताटातून गेली की मग ते एकटं पुढे येतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्र बंद असतो, तेव्हा. घरात कुणी तापाने पडलं तर. बाळंतिणीच्या खोलीत. लहानपणी मला जिऱ्याचा वास आला की घरात कुणालातरी जपायचं चाललंय, हे न सांगता कळायचं.

मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी सुरू होई. आजी मसाल्याचा प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायची. मिरच्या, धणे, बडीशेप, दगडफूल. जिऱ्याची पाळी आली की चुलीतली लाकडं मागे ओढायची आणि कुणाशी बोलायची नाही. "जिरां करपलां काय सगळा कडू," एवढंच. पुढे शास्त्र शिकले तेव्हा तिच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ मला उलगडला. जिऱ्याच्या वासाचं मुख्य द्रव्य क्युमिनाल्डिहाइड. ते उडून जाणारं, पाण्यात जेमतेम विरघळणारं आणि तेला-तुपात सहज उतरणारं. म्हणून तर फोडणी. मंद आचेवर भाजताना आणखी नवे, खमंग वास तयार होतात आणि थोडा उशीर झाला की तेच करपट होतात. ही वेळ आजी नाकाने मोजायची. जुलैत बरणीतलं जिरं खाऱ्या दमट हवेने मऊ पडायचं. मग ते पुन्हा तव्यावर टाकायचं. त्या दिवसांत घरात दोनच वास असत, नारळाच्या ओल्या सोडणांच्या धुराचा आणि जिऱ्याचा.

तापातून उठणाऱ्या माणसासाठी आमच्याकडे जिऱ्यामिऱ्याची कढी करतात. ओलं खोबरं, जिरं आणि काळी मिरी पाट्यावर गंधासारखी मऊ वाटायची. लाल मिरची नाही, मसाला नाही. त्यात कोकमाची सोलं, मीठ, पाणी घालून मंद आचेवर गरम करायचं. खळखळून उकळू द्यायची नाही, नारळाचा रस फुटतो. सोबत मऊ भात किंवा पेज. "ह्या वायच पी गो, तोंडाक चव येतली," असं म्हणत आजी वाटी ओठांना लावायची, आणि यायची खरंच. दोन दिवस अन्नाकडे न पाहिलेलं मूल भात मागायचं.

मुंबईत नोकरीच्या वर्षांत जिरा राइस, जिऱ्याचं ताक, पाणीपुरीचं पाणी, सगळीकडे जिरं भेटलं. त्या जिऱ्याशी माझी ओळख वरवरचीच राहिली.

माझ्या बाळंतपणात देवबागला आले तेव्हा अंगात रक्त कमी होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. शेजारच्या काकी म्हणाल्या, जिरं खा, जिऱ्याने रक्त वाढतं. मी हिशेब केला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात 100 ग्रॅम जिऱ्यात सुमारे 66 मिलिग्रॅम लोह, 930 मिलिग्रॅम कॅल्शियम, 18 ग्रॅम प्रथिनं आणि 10 ग्रॅम तंतू दिले आहेत. वाचताना डोळे दिपतात. पण 100 ग्रॅम जिरं कोण खातं? चहाच्या चमच्यात मावतं 2 ग्रॅम, त्यात लोह सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये प्रौढ स्त्रीची रोजची गरज 29 मिलिग्रॅम सांगितली आहे. शिवाय वनस्पतीतलं लोह शरीर थोडंच शोषून घेतं. सोबत मासळी असली तर जरा जास्त. तेव्हा गोळ्या घ्यायच्याच, त्याला जिरं पर्याय नाही. मी गोळ्या घेतल्या आणि कढीही प्याले. कढीमुळे मला भूक लागली, भुकेमुळे भात, डाळ, पुढे मासळी पोटात गेली. तक्त्यात जिऱ्यापुढे या भुकेचा रकाना नसतो. माझ्या मते चमचाभर जिऱ्याची खरी किंमत तिथेच आहे.

2023 च्या मार्चमध्ये तिकडे, गुजरात-राजस्थानात, अवकाळी पाऊस झाला. उत्तर गुजरातेतल्या ऊंझ्याच्या बाजारात जिऱ्याचा भाव चढत चढत क्विंटलला 60,000 रुपयांच्या वर गेला. आमच्या वाण्यानेही पुडी लहान केली. कुठला पाऊस आणि कुठलं स्वयंपाकघर! त्याच वर्षी पावसाळ्यात वहिनी बाळंत झाली. आईने मसाल्यातलं जिरं निम्म्यावर आणलं, वड्यांच्या पिठातलंही. मी विचारलं, "आये, कढयेत?" ती पाट्यावर मूठ ठेवत म्हणाली, "मसाल्यात कमी चलात. बाळंतिणीक नाय."