वाऱ्याच्या मुलखात मॅक्रो

कऱ्हाकाठी कीटकांचे फोटो काढायचे तर पहिली गाठ पडते वाऱ्याशी. घाटावर रिते झालेले ढग बारामती-इंदापूरवरून नुसते पळतात; वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास काय पडेल ते. वारा मात्र आषाढभर हटत नाही. गवताची काडी हलली, की तिच्यावरचा तुडतुडा फ्रेमबाहेर. त्यात एकास एक मॅग्निफिकेशनला एफ ११ ठेवलं तरी जेमतेम मिलिमीटरभर खोलीच स्पष्ट येते. डोळा धरावा तर मिशा धूसर.

अनेक फ्रेम घेऊन संगणकावर जोडायची युक्ती, फोकस स्टॅकिंग, या वाऱ्यात कुचकामी. फ्रीजमध्ये गारठवलेल्या किड्यांवर ती छान चालते; ते फोटो मी मोजत नाही. आपण पोटावर पडायचं, श्वास धरायचा आणि अंग केसभर पुढंमागं करत डोळा स्पष्ट दिसताच बटण दाबायचं. फ्लॅशचा उजेड क्षणाच्याही अंशापुरता असतो, हलती काडी तोच थोपवतो. त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर हवाच, नाहीतर भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा डाग उमटतो.

सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ सालचं, पाचेक चौरस किलोमीटरचं. लोक तिथं चिंकारा बघायला येतात. मी त्याच भागातल्या गायरानात पडलेलो असतो. एकदा एका मेंढपाळानं विचारलं, "पावणं, काय हारपलं का?" मृगाचा किडा दाखवला, तर म्हणाले, "ह्याचा कशाला फोटू? दरसाल येतोय की."

येतो खरा, पण पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस. आठ पायांचा म्हणजे शास्त्रानं कीटकही नव्हे, माइट, कोळ्यांचा भाऊबंद. त्याचं मखमली लाल कॅमेऱ्यात सपाट डाग होऊन बसतं, म्हणून मी एक स्टॉप कमी उजेड देतो. नाकतोड्याच्या पंखाशी कधी लाल टिकल्या चिकटलेल्या दिसतात. ती अशाच माइटांची पिल्लं, सहा पायांची, त्याचं रक्त पिणारी.

वारा नकोच असेल तर उसात शिरावं. आत हवा थांबलेली, अंधार, आणि पात्यांनी हात कापणारच. २००२ साली लोकरी मावा महाराष्ट्रात आला तेव्हा पानं खालून पांढरी झाली होती. त्या लोकरीत भिंग घालून पाहिलं, तर मावा फस्त करणारी डिफा पतंगाची अळी सापडते. नुसत्या डोळ्यांना ती सहज दिसत नाही. तेव्हा बागायतदारांनो, पंप पाठीवर घेण्याआधी चार पानं उलटून भिंगातून बघा.